राक्षसभुवनचा उतार



स्मृतिव्याख्यानासाठी वक्त्याने एखादा भारदस्त विषय निवडावा, राष्ट्र, धर्म, संस्कृती यांपैकी एखाद्या शब्दाभोवती तासभर प्रदक्षिणा घालावी आणि श्रोत्यांना आपण काही उच्च ऐकल्याच्या समाधानात घरी जाऊ द्यावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. तो मोडून मी आज गेवराई तालुक्यातील एका गावाविषयी बोलणार आहे. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील मौजे राक्षसभुवन, ज्याला आसपासची माणसे ‘शनीचे राक्षसभुवन’ म्हणून ओळखतात, ते आपल्यापैकी बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले आहे. परंतु शनिअमावास्येच्या गर्दीत तेलाची बाटली हाती धरून जे दर्शन होते, ते देवाचे असते, गावाचे नसते.

खेड्याविषयी लिहिणे हे विद्वानाच्या इतमामाला कमी आणणारे काम नव्हे, हे इंग्लंडातील एका धर्मोपदेशकाने फार पूर्वी दाखवून दिले. हँपशायर परगण्यातील सेलबर्न या लहानशा गावी गिल्बर्ट व्हाइट नावाचे गृहस्थ जन्मले, आयुष्याचा बराच भाग तेथेच राहिले आणि त्या गावचे पक्षी, गांडुळे, पाऊस, जुने देवालय आणि मोडकळीस आलेला मठ यांविषयी त्यांनी जी पत्रे लिहिली, त्यांचे पुस्तक १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले. सेलबर्नच्या शिवारात कोणतेही जगप्रसिद्ध युद्ध झालेले नाही. तरीसुद्धा ते गाव आज जगाला ठाऊक आहे, कारण त्याच्याकडे कोणीतरी जन्मभर लक्ष देऊन पाहिले. आमच्या राक्षसभुवनचे नशीब याच्या अगदी उलट. तेथे अठराव्या शतकातील दक्षिणेच्या राजकारणाला कलाटणी देणारी लढाई झाली, तिच्यामुळे त्याचे नाव शालेय क्रमिक पुस्तकांतही शिरले. आणि त्या एका दिवसाच्या आधी व नंतर ते गाव कोठे होते, काय करीत होते, हे विचारण्याची कोणास आवश्यकता वाटली नाही.

मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे, की राक्षसभुवनची सर्वांत जुनी आणि सर्वांत महत्त्वाची वास्तू ही दगडाविटांची नाही. ती म्हणजे तेथला नदीचा उतार, म्हणजे नदी ओलांडण्याची जागा. देव, यात्रेकरू आणि फौजा हे सारे त्या उतारामागून आले, असे माझे अनुमान आहे, आणि पुढे जे काही बोलेन ते याच सूत्राला धरून बोलेन.

पैठण सोडल्यावर गोदावरी पूर्वेकडे वळणे घेत जाते, आणि तिच्या दोहों अंगांच्या काळ्या, ओल धरणाऱ्या जमिनीचा जो पट्टा लागतो त्याला आपण गंगाकाठ म्हणतो. या मुलखात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरगावचा समजावा. इथल्यांची ती गंगाच. बालाघाटच्या खडकाळ पठारावरील पाटोदा-शिरूरकडचा माणूस गेवराईच्या गंगाकाठाकडे थोड्याशा असूयेनेच पाहत आला आहे, आणि त्याची ती असूया सकारण आहे. मात्र पाणी जवळ असण्याचे जे सुख तेच दुःखही. चार महिने ही नदी गावाची सीमा असते आणि आठ महिने ती रस्ता असते. ज्या ठिकाणी पात्र पसरट, तळ भरवशाचा आणि काठ सौम्य चढणीचा असेल, त्या ठिकाणी माणसे नदी ओलांडणार, तेथे थांबणार, पूर असेल तर मुक्कामाला राहणार आणि सुखरूप पार पडल्यावर देवाचे काहीतरी देणे लागणार. आपल्या नद्यांच्या काठची पुष्कळशी क्षेत्रे अशा मुक्कामांतूनच वाढली असावीत.

राक्षसभुवनचे मुख्य दैवत शनी. महाराष्ट्रात शनीची जी साडेतीन पीठे मानतात त्यांत या स्थानाची गणना होते, आणि नांदगावजवळचे नस्तनपूर किंवा नंदुरबारकडील शनिमांडळ यांच्याबरोबर याचे नाव घेतले जाते. आजकाल शनी म्हटले की अहिल्यानगर जिल्ह्यातील शिंगणापूरच डोळ्यांपुढे येते, आणि तेथील मोटारगाड्यांची रांग पाहून राक्षसभुवनच्या लोकांना थोडे वाईट वाटत असेल तर ते समजण्यासारखे आहे. परंतु क्षेत्राची प्राचीनता आणि क्षेत्राची भरभराट या दोन गोष्टी निराळ्या असतात. साडेसातीने गांजलेला शेतकरी, तेल, उडीद आणि रुईची पाने, नदीचे स्नान आणि मग दर्शन, हा येथला क्रम आहे. स्नान प्रथम, दर्शन नंतर. देव नदीच्या आधाराने राहतो, हे त्या क्रमातच आलेले आहे.

शनीच्या प्रसिद्धीमुळे झाकोळून गेलेले येथले दुसरे स्थान विज्ञानगणेशाचे. एकवीस गणेशक्षेत्रांच्या परंपरागत यादीत राक्षसभुवन येते, आणि दत्तात्रेयांनी येथे गणेशाची स्थापना केली अशी कथा सांगितली जाते. दत्तात्रेयांचे नाव या काठावर आणखी एका ठिकाणी, आणि फार निराळ्या परंपरेत भेटते. जवळच असलेले पांचाळेश्वर हे महानुभाव पंथाचे आत्मतीर्थ होय. श्रीदत्तात्रेयप्रभू मध्यान्हीच्या भोजनास येथे येतात अशी त्या पंथाची श्रद्धा आहे, आणि गोदावरीच्या पात्रातील ते मंदिर पावसाळ्यात पाण्याने वेढले जाते. एकाच नदीच्या एकाच टापूत एक परंपरा मूर्तीला तेल वाहते आणि दुसरी परंपरा ओट्यापुढे नतमस्तक होते, आणि त्यांच्यात शतकानुशतके काही भांडण झाल्याचे ऐकिवात नाही. बीड जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे.

महानुभावांचा उल्लेख आलाच आहे, तर एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. सेलबर्नच्या पुस्तकाची वाखाणणी करताना आपल्या मनात नकळत असा न्यूनभाव येतो, की स्थलवर्णनाची ही दृष्टी युरोपाची, आपल्याकडे तिचा अभाव. वस्तुस्थिती अशी आहे की पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ मुनी व्यास कोठी यांनी चौदाव्या शतकातच मराठीत सिद्ध केली. गावाच्या कोणत्या दिशेस कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, पटांगण कोठे, नदी कोणत्या अंगाला, अशा कोरड्या, तंतोतंत आणि म्हणूनच अमोल माहितीने ती भरलेली आहे, डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती आज कोणासही वाचता येते. भक्तीपोटी का होईना, मराठी माणसाने खेड्यांचे स्थलवर्णन व्हाइटसाहेबांच्या चारशे वर्षे आधी केले होते. परंपरा होती, ती पुढे चालवणारे निघाले नाहीत, एवढाच काय तो फरक.

आता लढाईकडे वळू. पानिपतचा घाव १७६१ च्या जानेवारीत बसला, जूनमध्ये नानासाहेब पेशवे गेले, आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या हाती जी गादी आली तिच्यावर घरातूनच रघुनाथरावांचा दाब होता. १७६२ च्या नोव्हेंबरात आळेगावापाशी चुलत्याने पुतण्याला चक्क युद्धात नमवले. त्या कामी हैदराबादच्या निजामअलीची मदत घेतली, आणि त्या मदतीची किंमत मुलखाच्या रूपाने देण्याचे कबूल केले. मिरजेच्या पटवर्धनांसारखी घराणी रघुनाथरावांच्या रोषाला कंटाळून निजामाकडे गेली. नागपूरकर जानोजी भोसल्यांनाही साताऱ्याच्या राज्यातील मोठ्या अधिकाराचे आमिष दाखवण्यात आले. या साऱ्या मसलतीचा सूत्रधार निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर, ज्याला ‘राजा प्रतापवंत’ असा किताब होता. दिवाण ब्राह्मण, त्याच्या बाजूचे कित्येक सरदार मराठे. तेव्हा राक्षसभुवनच्या संग्रामाला दोन धर्मांच्या झुंजीचे रूप देऊन जी भाषणे होतात, ती ऐतिहासिक साधनांची पाने न उलटता केलेली असतात, असे मला नम्रपणे म्हणावे लागते. तो दोन राज्यांचा आणि त्याहून अधिक दोन महत्त्वाकांक्षांचा झगडा होता.

१७६३ च्या उन्हाळ्यात निजामाने पुण्यावर चाल केली. पेशव्यांची राजधानी लुटली व जाळली गेली. शहरातील कुटुंबे सिंहगड, पुरंदर, लोहगड अशा किल्ल्यांच्या आश्रयाला गेली. पेशव्यांच्या फौजेने समोरासमोर गाठ न घेता निजामाच्याच मुलखात शिरून भागानगरच्या, म्हणजे हैदराबादच्या, परिसरापर्यंत खंडण्या वसूल केल्या. अशा परस्परांच्या लुटीत उन्हाळा सरला, पाऊस लागला, आणि छावणीसाठी औरंगाबाद गाठण्याच्या इराद्याने निजामअली गोदावरीच्या काठावर आला. मार्ग राक्षसभुवनवरून होता. वाटेत जानोजी भोसले पगाराच्या बाकीचा बहाणा करून त्याच्या फौजेतून बाजूला झाले. बत्तीस लक्षांच्या मुलखाचे वचन पेशव्यांकडून त्यांना गुप्तपणे मिळालेले होते.

लढाईचा दिवस १० ऑगस्ट १७६३. श्रावण नुकताच लागला होता, नदी दुथडी भरून चाललेली होती. निजामअली स्वतः तोफखान्यासह आणि फौजेच्या काही भागासह पलीकडच्या तीराला पोहोचला होता, आणि विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे, राक्षसभुवनच्या बाजूस, आपली पाळी येण्याची वाट पाहत होता. एका सैन्याचे दोन तुकडे व्हावेत, मध्ये न ओलांडता येणारे पाणी असावे, आणि तोफा नको त्या बाजूला असाव्यात, याहून अधिक अनुकूल प्रसंग शत्रूला कोणता हवा! पेशव्यांची फौज वेगाने चालून येऊन त्या दक्षिण तीरावरील छावणीवर पडली. मल्हारराव होळकर आणि दमाजी गायकवाड हे जुने सरदार या वेळी पेशव्यांबरोबर होते. आरंभीच्या गर्दीत रघुनाथरावांचा हत्ती शत्रूच्या वेढ्यात सापडला आणि ज्या पुतण्याला त्यांनी नऊ महिन्यांपूर्वी आळेगावी नमवले होते, त्यानेच निकराचा हल्ला चढवून त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर रणात पडला. दिवाण पडल्यावर फौज उधळली, आणि पळणाऱ्यांच्या पाठीशी भाला व पुढे पूर, अशी तिची अवस्था झाली. पुष्कळजण पाण्यातच गेले. पलीकडच्या काठावरून हा विध्वंस निजामअलीने पाहिला, परंतु साहाय्याला एक पलटणही त्याला पाठवता आली नाही. पुढे औरंगाबादेस तह झाला तेव्हा झाल्या गोष्टीचा सारा दोष त्याने मेलेल्या दिवाणाच्या माथी मारला, आणि रघुनाथरावांचे मन द्रवले. मृत कारभारी हा जिवंत राजाला सर्व काळी सोयीचा असतो.

या विजयाने माधवरावांच्या कर्तृत्वाची पहिली साक्ष पटली, हा इतिहासकारांचा अभिप्राय यथार्थ आहे. अठरा वर्षांच्या तरुणाने हरवलेला जम त्या दिवशी परत मिळवला, आणि चुलत्याच्या ताब्यातील कारभार त्यानंतर हळूहळू त्याच्या हाती येऊ लागला. तथापि मला असे वाटते, की वीररसाच्या भरात आपण दोन गोष्टी झाकून ठेवतो. एक, जानोजींची खरेदी. ती इतकी महाग पडली, की १७६६ मध्ये माधवरावांना त्या मुलखाचा मोठा हिस्सा शस्त्राच्या बळावर परत घ्यावा लागला. दुसरी, गोदावरी. नदी त्या दिवशी उताराला असती तर निजामाची संपूर्ण फौज एक तर पलीकडे गेली असती, नाही तर अलीकडे एकवटली असती, आणि लढाईचा रंग निराळा दिसला असता. राक्षसभुवनच्या उताराने पावसाळ्यात वाट अडवली, हे या विजयाचे निम्मे कारण समजावे.

आणि गाव? दोन्ही सैन्यांतील सरदारांची नावे आपल्याला मिळतात, हत्ती कोणाचा होता तेही मिळते. ज्यांच्या शिवारात हे घडले त्या माणसांचे मात्र कोणत्याही बखरकाराने नाव घेतलेले नाही. श्रावणाच्या आरंभी बाजरी हाताएवढी वाढलेली असते. हजारो घोड्यांची वैरण, छावणीचे सरपण, पळणाऱ्यांची आणि पाठलाग करणाऱ्यांची पायमल्ली, नंतर नदीकाठी पडलेली प्रेते, आणि शेवटी हंगाम बुडाल्यावर दारात येणारा वसुलीचा शिपाई, ही त्या वर्षीची राक्षसभुवनची लढाई होती, असे कोणत्याही कुणब्याला सांगावे लागणार नाही. त्या काळच्या अमलात उजाड झालेल्या गावांना पुन्हा वस्तीस आणण्याकरिता इस्ताव्याचे कौल देत, म्हणजे पहिल्या सालास सारा हलका ठेवून दरसाल चढवीत नेत. पाटील आणि कुळकर्णी हे कौल मिळवण्यासाठी परगण्याच्या कचेरीत खेटे घालीत. पेशवे दफ्तरात अशा कागदांचे ढीग आहेत. लढायांच्या कागदांइतके ते चाळले जात नाहीत, कारण त्यांत तलवार नाही.

इतिहासाची थट्टा अशी की ज्या गावी निजामाचा पराभव झाला ते गाव अखेर निजामाच्याच राज्यात राहिले. उदगीर, राक्षसभुवन आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई, या तिन्ही ठिकाणी मराठ्यांची सरशी झाली. तरी एकोणिसाव्या शतकात बीडचा मुलूख हैदराबाद संस्थानातच होता. संस्थानचे दिवाण सालारजंग यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, जहागिरी आणि सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाचा खासगी मुलूख, यांच्या गुंत्यातून दिवाणी मुलखाची व्यवस्था लावली, तालुकदार व तहसीलदार आले, आणि गावच्या जमिनीचे हिशेब पुढे फारसी-उर्दूत नोंदले जाऊ लागले. पाटलाच्या घरात मोडी, तहसिलीत उर्दू आणि देवळात नागरी, अशा तीन लिप्यांत एकाच गावाचे जीवन विभागले गेले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात जाऊन तेथून १९६० साली आपण महाराष्ट्रात आलो. परंतु त्या तीन लिप्यांतला गावाचा इतिहास एकत्र आणण्याचे काम कोणत्याही सरकारने केले नाही. १९५४-५५ चे खासरा पत्रक, त्याआधीचे सेतवार, पाहणीपत्रके ही नावे शेतीच्या दाव्यात अडकलेल्या माणसाला तेवढी पाठ असतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या दफ्तरांची फडकी एकाएकी सोडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणारा माणूस कोठे मिळतो याची तहसिलीत चौकशी होऊ लागली. त्या मागणीच्या गुणदोषांविषयी येथे बोलण्याचे कारण नाही. मला त्यातून एवढेच दिसले, की गरज पडली म्हणजे कागद सापडतात.

उताराचे पुढे काय झाले, ते आता सांगतो. सोलापूर-धुळे हमरस्त्यावर शहागडपाशी पूल झाला आणि नदी ओलांडण्याकरिता राक्षसभुवनला जाण्याचे कारण संपले. शतकानुशतके ज्या वाटेवर गाव वसले होते ती वाटच काही कोसांवर सरकली, आणि वाटेवरचे गाव आडवाटेचे झाले. दुसरा आघात अधिक खोल होता. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींनी पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, १९७६ मध्ये ते पूर्ण झाले, आणि नाथसागराखालच्या गोदावरीचे वेळापत्रक त्या दिवसापासून ऋतूंच्या हातून निघून पाटबंधारे खात्याच्या हाती गेले. या धरणाचा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. त्याच्या पाण्यावर ऊस आला, कापूस वाढला, कित्येक घरांना पक्क्या भिंती आल्या. धरणाला नावे ठेवणे सोपे आहे आणि ते मी ठेवणार नाही. दुष्काळी जिल्ह्यातल्या वक्त्याला तो चैनीचा उद्योग परवडत नाही. परंतु ज्या नदीच्या स्नानावाचून शनीचे दर्शन पुरे होत नाही तिचे पात्र उन्हाळ्यात कोरडे असते, आणि धरणाचे दरवाजे उघडले की तीच नदी काठावरच्या देवळांत शिरते.

तिसरी गोष्ट वाळूची. कोरड्या पात्रातून रात्रंदिवस होणाऱ्या वाळूउपशाने गंगाकाठाचे जे झाले आहे ते येथल्या श्रोत्यांना मी सांगण्याची गरज नाही. लिलाव कायदेशीर की बेकायदेशीर हा प्रश्न न्यायालयांचा. माझ्यापुढे निराळा प्रश्न आहे. ज्या तळावरून शेकडो वर्षे बैलगाड्या, कावडी आणि फौजा पार झाल्या, तोच तळ खणून शहरांच्या इमारतींत जात आहे. देवळाचा दगड हलवला तर गाव जमा होते, पुरातत्त्व खात्याला अर्ज जातात. उताराची वाळू हलवली तर पावती फाटते. १७६३ च्या रणभूमीचा आणि त्याहून जुन्या नदीमार्गाचा हा अवशेष वारसा म्हणून कोणत्याच यादीत नाही, कारण त्याला शिखर नाही आणि त्याच्यावर शिलालेख नाही.

या जिल्ह्याच्या इतिहासाविषयी आपल्याकडे आस्था नाही असे मी म्हणणार नाही. अंबाजोगाईच्या मुकुंदराजांवर, दासोपंतांवर भरपूर लिहिले गेले; परळीच्या वैद्यनाथाचे माहात्म्य सर्वश्रुत आहे; बीडचे कंकालेश्वर आणि खजाना विहीर पाहायला अभ्यासक येतात; शासनाने १९६९ साली जिल्ह्याचे गॅझेटियरही काढले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून खेड्याच्या व्यवस्थेचा जो धडा घालून दिला, तो मात्र एकेका गावाला लावून पाहण्याचे काम राहून गेले. संत, राजे आणि देवळे यांचा इतिहास आपण लिहितो. गावाचा लिहीत नाही. त्यातही उसाच्या फडाकडे दरसाल दसरा-दिवाळीनंतर जाणाऱ्या कोयत्यांचा, म्हणजे नवराबायकोच्या जोडप्यांचा जो जिल्हा, त्याच्या खेड्यांतील वृद्धांच्या आठवणी कोण टिपणार, आणि कोणत्या महिन्यांत? निम्मे गाव सहा महिने परमुलखात असते. ही अडचण खरी आहे. तिच्यामुळे काम तातडीचे ठरते, असे मला वाटते.

म्हणून, सभ्य स्त्रीपुरुषहो, व्याख्यानमालेच्या चालकांना आणि आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. पुढील वर्षी वक्त्याच्या मानधनातून आणि मंडपाच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढावी आणि तिच्यातून गेवराई तालुक्यातील दोन-चार होतकरू विद्यार्थ्यांना मोडी आणि उर्दू लिपी शिकवण्याची सोय करावी. त्यांनी प्रथम राक्षसभुवनचे सेतवार आणि खासरा पत्रक वाचावे, घाट, ओटे, समाध्या, जुन्या विहिरी आणि उताराच्या दोन्ही काठांच्या जागा नकाशावर मांडाव्यात, शनीच्या आणि विज्ञानगणेशाच्या पुजाऱ्यांकडील, पांचाळेश्वरच्या महंतांकडील आणि जुन्या वतनदारांच्या घरांतील कागदांच्या नकला त्यांच्या परवानगीने करून घ्याव्यात, आणि जे मिळेल ते विशेषणांवाचून छापावे. गावकऱ्यांनी आपल्या घरातील फडताळे उघडावीत. वाळवीला दिलेला कागद कोणाच्याही हक्काचे रक्षण करीत नाही. आणि आपल्या तहसीलदारांना आपण सर्वांच्या सहीने असा अर्ज करू, की देवळापासून उतारापर्यंतच्या नदीपात्राचा तुकडा वाळूच्या लिलावातून कायमचा वगळण्यात यावा. अर्जाचा मसुदा मी बरोबर आणलेला आहे. सभा संपल्यावर तो व्यासपीठाजवळच्या मेजावर सहीसाठी ठेवण्यात येईल.